घरच्यांपुरतं आठवणींचं पुस्तक: नाशिकमधली कमी प्रतींची छपाई

पन्नासेक प्रतींसाठी ऑफसेटच्या (प्लेट बनवून मोठ्या संख्येनं छापायच्या पद्धतीच्या) प्लेटचा खर्च परवडत नाही; डिजिटल छपाईच बरी. नाशिकमधल्या कमी प्रतींच्या छपाईसेवेचं काम त्या मानानं चांगलं आहे. डेमी (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच) आकार, ८० जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅम) वजनाचा नॅचरल शेड कागद, ३०० जीएसएमचं मॅट मुखपृष्ठ: आजीच्या डोळ्यांना पिवळसर कागद सोसतो.

खरी अडचण अक्षरांची. मजकूर युनिकोडमधून (सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-पद्धतीतून) जुन्या फॉन्टमध्ये नेला की रफार आणि जोडाक्षरं तुटतात. म्हणून ‘त्र्यंबक’, ‘कुशावर्त’ असे शब्द प्रत्येक प्रुफात मुद्दाम शोधा. युनिकोडमध्येच मांडणी करायला सांगा, पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड करून (फाइलमध्येच बसवून) घ्या.

गोदाघाटावरचा जुना दोन बाय तीन इंची फोटो दुप्पट छापायचा तर ६०० डीपीआयला (इंचामागे ६०० ठिपके) स्कॅन हवा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेला चालत नाही, बारकावे जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

बांधणीत मात्र ही सेवा कमी पडते. नुसत्या गरम डिंकाची पुस्तकं सपाट उघडली की पानं सुटतात. शिलाईची बांधणी मागाच, जास्त पैसे पडले तरी. आतला समास २० मिलिमीटर ठेवा. विक्री नसेल तर आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) लागत नाही. आधी एकच नमुना प्रत छापून घ्या.