दारूगोळा विक्रीची तपासणी: दरवेळी की कार्डावर? छोट्या दुकानदाराचा हिशेब

अमेरिकेत काडतूस खरेदीवर नवे निर्बंध सुचवले जातात, तेव्हा दोन नमुने समोर येतात.

कॅलिफोर्नियात 2016 मध्ये मतदारांनी प्रपोझिशन 63 हा जनमताने ठरणारा कायदा मंजूर केला आणि जुलै 2019 पासून प्रत्येक विक्रीला पार्श्वभूमी तपासणी, म्हणजे खरेदीदार पात्र आहे का याची पडताळणी, लागू झाली. एक डबा असो वा दहा, ओळखपत्र घ्या, माहिती भरा, राज्याच्या यंत्रणेकडून होकार येईपर्यंत थांबा. अडते ते बहुधा पत्त्यावर. गिऱ्हाईकाने घर बदलले आणि बंदुकीच्या नोंदीत जुनाच पत्ता राहिला, की नकार येतो. माणूस पात्र असतो, पण काउंटरवर बोलणी दुकानदार खातो. एकटाच माणूस दुकान चालवत असेल तर तेवढा वेळ बाकीची विक्री ठप्प. ऑनलाइन मागवलेला मालही परवानाधारक विक्रेत्यामार्फतच द्यावा लागतो. त्यातून गिऱ्हाईक दुकानात येते खरे, पण मालावरचा नफा दुसऱ्याचा, कागदपत्रे आपली.

इलिनॉयमध्ये राज्य पोलिसांचे एफओआयडी कार्ड, म्हणजे बंदूकमालकाचे ओळखपत्र, लागते. छाननी कार्ड देताना होते, त्यामुळे काउंटरवरचे काम हलके. मात्र कार्ड दाखवून राज्याबाहेरूनही टपालाने माल मागवता येतो. म्हणजे स्पर्धा थेट मोठ्या ऑनलाइन विक्रेत्यांशी.

छोट्या दुकानाला कार्डच परवडते. दर विक्रीची तपासणी आणायचीच असेल, तर पत्ता तिथल्या तिथे दुरुस्त करण्याची सोय आधी हवी.