मायलिनवाला मज्जातंतू आणि उघडा मज्जातंतू

ओहोटीला जुवारी नदीत कालवं काढताना शिंपीची धार तळपायात शिरली की आधी चर्रकन कळ येते, ठसठस मागाहून. जखम एकच, संदेशांच्या वाटा दोन.

कळ नेणाऱ्या ए-डेल्टा मज्जातंतूंवर मायलिनचं, म्हणजे वीज गळू न देणाऱ्या स्निग्ध थराचं, पातळ वेष्टण असतं. सोडियमच्या वाहिन्या, म्हणजे सोडियमचे विद्युतभारित कण आत घेणारी सूक्ष्म दारं, वेष्टणातल्या फटींत एकवटलेल्या. तिथेच आतला विद्युतदाब उणे 70 मिलिव्होल्टवरून अधिक 30 च्या आसपास उसळतो आणि संदेश एका फटीतून पुढच्या फटीत उडी घेतो. वेग सेकंदाला 5 ते 30 मीटर. ठसठस नेणारे सी तंतू उघडे, मायलिनविना. त्यांना हीच उसळी तंतूभर सलग घडवावी लागते, म्हणून वेग जेमतेम 0.5 ते 2 मीटर. मीटरभर अंतराला सेकंद सहज जातो.

तरी सी तंतूला कमी लेखू नये. जखम भरेपर्यंत त्या पायावर भार टाकू न देणारी ठसठस मुख्यतः त्याचीच.

बिघाडही वेगळे. गुइलेन-बॅरे या, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटणाऱ्या आजारात बहुधा मायलिन सोलवटतं, विद्युतप्रवाह वाटेतच गळतो, पुढच्या फटीत उसळीपुरता दाब उरत नाही आणि संदेश अडतो. मधुमेहात मात्र पुष्कळदा सी तंतूंसारखे बारीक तंतू आधी झिजतात. तळवे रात्री जळजळतात.