जुना डबा की जुन्या ढंगाचा नवा गेम?

सुट्टीत इंदूरच्या रामबागेतल्या किंवा सुदामानगरातल्या घरी भाचेमंडळी जमली, की कुणाला तरी कॉन्ट्रा या जुन्या गोळीबाराच्या गेमची आठवण येतेच. मग दोन पर्याय निघतात. जेल रोडला चक्कर मारून टीव्हीला जोडायचा कॅसेटवाला डबा आणायचा, किंवा घरातल्या जुन्या लॅपटॉपवर जुन्या ढंगात बनवलेला नवा गेम घ्यायचा. पडद्यावर दोन्हीकडे तेच चौकोनी ठिपके. हातात घेतल्यावर मात्र दोन्ही अगदी वेगळे.

डबा घ्यायचा तर आधी टीव्हीच्या मागे डोकावा. डब्यातून पिवळी-पांढरी एव्ही वायर निघते आणि बऱ्याच नव्या टीव्हींना ती लावायला जागाच नसते. मग कन्व्हर्टर आला. दुकानात 'एव्ही टू एचडीएमआय' असं स्पष्ट सांगा. 'एचडीएमआय टू एव्ही'ची डबी दिसायला हुबेहूब तशीच, पण ती लावली तर पडदा काळाच राहील. कन्व्हर्टरला यूएसबीतून ५ व्होल्टही द्यावे लागतात. टीव्हीत गेम मोड चालू करा, नाहीतर बटण दाबल्यावर गडी उशिरा उडी मारतो आणि दोष पोराच्या माथी येतो. चित्र ४:३ ठेवा, म्हणजे सगळे आडवे फुगलेले दिसणार नाहीत. डब्यासोबतच्या नेमबाजीच्या खेळण्यातल्या बंदुकीसाठी जादा पैसे देऊ नका. ती पिक्चर ट्यूबवर उमटणाऱ्या प्रकाशाच्या वेळेवर चालते, सपाट टीव्हीवर नेम लागतच नाही. कॅसेट चालली नाही तर फुंकर मारायची आपली जुनी सवय सोडा. तोंडातल्या ओलाव्याने धातूच्या पट्ट्या आणखी खराब होतात. इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. आणि '९९९९ इन १' वर भुलू नका, मोजकेच गेम नावं बदलून फिरत असतात.

नव्या गेमचं खरं आकर्षण वेगळ्याच ठिकाणी आहे. असे डबे ज्याची नक्कल असतात, त्या १९८३च्या निन्टेंडोच्या फॅमिकॉम यंत्राचं चित्र २५६×२४० ठिपक्यांचं, आणि एका आडव्या ओळीत जास्तीत जास्त ८ हलती तुकडे-चित्रं. नववं आलं की ते गायब, म्हणून गर्दी झाली की शत्रू लुकलुकायचे. आपल्या आठवणीत मात्र ते लुकलुकणं राहिलेलं नसतं. 'शॉव्हल नाइट' (२०१४) त्या आठवणीबरहुकूम बनवलेला आहे: रूप जुनं, पण पडदा रुंद आणि लुकलुक नाही. 'सेलेस्ट' (२०१८) त्याच्याही पुढे जातो. कड्यावरून पाय सुटल्यावरही सेकंदाचा दहावा भाग उडी मान्य होते, आणि मेलात तर क्षणात त्याच खोलीच्या सुरुवातीला. कॉन्ट्रात तीन जीव संपले की कंटिन्यू मोजकेच, तेही संपले की पहिल्यापासून! तरीही अवघड वाटला तर सेलेस्टच्या असिस्ट मोडमध्ये वेग कमी करता येतो.

लॅपटॉप फार दमदार नसला तरी चालतं. सेलेस्टला किमान २ जीबी रॅम आणि साधारण १.२ जीबी जागा लागते. मूळ चित्र ३२०×१८०, म्हणून १९२०×१०८० च्या पडद्यावर ते बरोबर सहापट बसतं. जुन्या लॅपटॉपचा पडदा बहुधा १३६६×७६८ असतो. तिथे पूर्ण पडद्यावर ताणलं की काही ठिपके जाड, काही बारीक, आणि चालताना चित्र थरथरल्यासारखं वाटतं. विंडोमध्ये चौपट, म्हणजे १२८०×७२० ठेवा. कडेला थोडी जागा मोकळी राहील, राहू द्या. कीबोर्ड स्वस्तातला असेल तर तीन कळा एकदम दाबल्यावर एखादी नोंदलीच जात नाही. डॅश, म्हणजे हवेतली झेप, फसते ती बऱ्याचदा यामुळे, म्हणून यूएसबी कंट्रोलर घेतलेला बरा.

उड्या मारायला कंटाळणाऱ्यांसाठी 'स्टारड्यू व्हॅली' (२०१६) आहे. एरिक बॅरोन यांनी एकट्याने बनवलेली ही शेती, यात घाई नाही.

डब्याची बाजू घ्यायची ती एकाच कारणासाठी: माळ्यावर पिक्चर ट्यूबचा टीव्ही शाबूत असेल आणि दोघे भाऊ मांडीला मांडी लावून खेळणार असतील तर. त्यावर चित्र विनाविलंब येतं, कन्व्हर्टरची कटकट नाही. सेलेस्ट एकट्याचाच खेळ आहे. स्टारड्यूत पडदा दुभागून दोघांना खेळता येतं, पण दुसऱ्यासाठी कंट्रोलर लागतोच.

लॅपटॉपचा पर्याय आधी करून बघा. स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानातून घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर परत करता येतो. तेव्हा पहिल्याच बैठकीत कंट्रोलर, पडदा आणि उड्या तपासा, आणि मेन्यूवर गेम तसाच उघडा ठेवून जेवायला उठू नका, तो वेळही त्या दोन तासांत धरला जातो.