नवा डिझेल ट्रक आणि जाता न जाणारा पिवळा दिवा : काही महिन्यांच्या वापरानंतर

ट्रकबद्दल आधी सांगून टाकतो. इंजिनाची ओढ झकास आहे, भरल्या गाडीतही चढावर गिअर फार खाली आणावा लागत नाही. केबिनमध्ये आवाज कमी, एक्झॉस्ट ब्रेक दमदार. सीट सुरुवातीला कडक वाटली, नंतर सवय झाली. डिझेल अंदाज बांधला होता तेवढंच लागतं. बाकी लिहिण्यासारखं फारसं काही नाही, कारण या काळात डोकं खाल्लं ते डॅशबोर्डवरच्या एका दिव्याने.

गाडी नवीकोरी, पहिली सर्व्हिससुद्धा व्हायची होती, आणि चालू गाडीत चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. ओढ तीच, आवाज तोच, धूर नाही, युरियाची (धुरातला विषारी वायू कमी करायला सायलेन्सरमध्ये फवारतात त्या द्रावणाची) टाकी निम्म्याहून जास्त भरलेली. लाल दिवा असता, ऑइल प्रेशरचा किंवा इंजिन तापल्याचा, तर गाडी तिथल्या तिथे बाजूला घेऊन बंदच करायची असते. पिवळ्याला तेवढी घाई नसते, पण म्हणून त्यावर रुमाल टाकून महिनाभर फिरायचं असंही नाही.

वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावला, गाडीने नोंदवलेला दोषाचा कोड उडवला (पुसला) आणि निदान सांगितलं : युरिया खराब असणार, टाकी रिकामी करून नवा भरा. हे उत्तर इतक्या पटकन आलं की मला ते पटलं नाही. या द्रावणाचं प्रमाण ठरलेलं असतं : ३२.५ टक्के युरिया, बाकीचं क्षारमुक्त पाणी. आयएसओ २२२४१ हे त्याचं मानक. भेसळ झाली, साधं पाणी पडलं, तर हे प्रमाण बिघडतं आणि ते रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एक थेंब टाकून लगेच तपासता येतं. तपासलं. प्रमाण बरोबर होतं. दिवा मात्र खराब रस्ता लागताच परत आला.

तेव्हा ठरवलं की पुढच्या वेळी कोड उडवण्याआधी त्याचा आकडा पूर्ण लिहून घ्यायचा. जड वाहनांत जे १९३९ या पद्धतीने (गाडीतल्या संगणकांच्या आपसातल्या संदेशांचं मानक) कोड दोन भागांत येतो. पहिला भाग एसपीएन, म्हणजे तक्रार कशाबद्दल आहे. दुसरा एफएमआय, म्हणजे तक्रार कोणत्या प्रकारची आहे. बहुतेक जण पहिला आकडा पाहून थांबतात आणि तो पार्ट बदलायला काढतात. खरी माहिती दुसऱ्यात असते. एफएमआय ३ म्हणजे व्होल्टेज प्रमाणाबाहेर जास्त, ४ म्हणजे कमी, ५ म्हणजे करंट कमी किंवा सर्किट तुटलेलं. २ म्हणजे आकडे विसंगत येतायत.

माझ्या गाडीत आला एसपीएन ३२२६, एफएमआय ९. ३२२६ म्हणजे सायलेन्सरच्या बाहेरच्या टोकाचा नॉक्स (धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड) मोजणारा सेन्सर, आणि ९ म्हणजे त्याच्याकडून संदेश वेळेवर येत नाहीये. त्याने चुकीचं काही सांगितलंय असं नव्हे. त्याचं बोलणंच मधे तुटतंय. युरियाचा यात संबंध कुठे आला? युरियाचं प्रमाण बिघडलं असतं तर कोड ३५१६ च्या घरातला आला असता, आणि एससीआरचं (युरिया वापरून नॉक्स कमी करणाऱ्या यंत्रणेचं) काम ढिलं पडलं असतं तर ४३६४. टाकी रिकामी करायला सांगणाऱ्याने एफएमआय पाहिलेलाच नव्हता, एवढं मला यावरून कळलं.

नॉक्स सेन्सर साध्या तापमानाच्या सेन्सरसारखा दोन वायरींचा नसतो. त्याचं टोक झिर्कोनियाच्या सिरॅमिकचं, आतल्या हीटरने ते सुमारे ८०० अंश सेल्सियसपर्यंत तापवलं जातं. ओलावा असताना तापवलं तर सिरॅमिक तडकतं, म्हणून सायलेन्सर पुरेसा गरम होईपर्यंत कंट्रोलर (गाडीचा संगणक) हीटर पूर्ण चालूच करत नाही. टोकापासून एक वायर चासीवर बसवलेल्या छोट्या डब्याकडे जाते. हा डबा सेन्सरचाच भाग आहे, तोच आकडे तयार करून कॅन लाइनवर (गाडीतल्या संगणकांना जोडणाऱ्या संदेशांच्या वायरींवर) पाठवतो. म्हणजे डब्याला वीज मिळत असेल आणि लाइन शाबूत असेल, तर टोक थंड असतानाही डब्याचे संदेश येत राहायला हवेत.

इथेच मला धागा सापडला. दिवा गरम इंजिनात लागायचा तसाच सकाळी थंड इंजिनातही लागायचा, फक्त रस्ता उखडलेला असला की. गुळगुळीत रस्त्यावर लांब पल्ला मारला तरी नाव नाही. दोष टोकाचा किंवा हीटरचा असता तर तो तापमानाशी बांधलेला दिसला असता. हा हादऱ्यांशी बांधलेला होता. हादऱ्याने बिघडतं ते वायरिंग नाहीतर कपलर, म्हणजे वायरींचा जोड.

पुढच्या भेटीत सेन्सर बदलायची तयारी झालीच होती. मी म्हटलं, बदला, पण आधी माझ्यासमोर इंजिन चालू ठेवून स्कॅनरवर त्या सेन्सरचा चालू आकडा उघडा आणि एकाने खाली जाऊन वायरिंग हलवा. मिस्त्री समजूतदार निघाला. डब्याकडे जाणारं हार्नेस (वायरींचा जुडगा) चासीच्या एका ब्रॅकेटजवळ हलवलं की आकडा गायब, सोडलं की परत हजर. वरचं नळीचं कव्हर काढल्यावर दिसलं : ब्रॅकेटच्या धारदार कडेवर घासून एका वायरचं इन्सुलेशन गेलेलं, आतलं तांबं उघडं. कारखान्यातून क्लिप एक खाच पुढे बसली असावी, असं त्याचं म्हणणं. सेन्सर शाबूत. हार्नेसचा तो तुकडा वॉरंटीत बदलला, वाट थोडी वळवली, कडेवर रबर बसवलं.

वॉरंटीतल्या गाडीची वायर स्वतः कापून जोडू नका, टेपही गुंडाळू नका. फोटो काढा, व्हिडिओत आकडा गायब होताना दाखवा, आणि जॉब कार्डवर ‘दिवा लागतो’ असं न लिहिता एसपीएन, एफएमआय आणि कोणत्या परिस्थितीत लागतो हे लिहून घ्या. त्यानंतरच्या बोलण्याचा सूरच बदलतो.

दुरुस्तीनंतरही दिवा लगेच गेला नाही, आणि इथे बरेच जण पुन्हा घाबरतात. दोष थांबला की कोड ‘सक्रिय’मधून ‘पूर्वी सक्रिय’मध्ये जातो, आणि साधारणपणे सलग तीन ड्रायव्हिंग सायकल (गाडी चालू करून, चालवून, बंद करण्याच्या फेऱ्या) निर्दोष गेल्यावर दिवा आपोआप विझतो. तो तसाच विझू द्यावा, दुरुस्ती खरी झाली याचा तोच पुरावा. बॅटरीची वायर काढून दिवा घालवायचा सल्ला मलाही मिळाला होता. दोष जिवंत असेल तर कोड परत येतो, आणि कंट्रोलरने शिकून ठेवलेली काही मूल्यं मधल्या मधे जाऊ शकतात.

दुर्लक्षही परवडत नाही. युरिया आणि नॉक्सशी जोडलेल्या दोषांवर गाडी स्वतःच शिक्षा करते. युरो ६ च्या (युरोपातल्या धूर-प्रदूषणाच्या) नियमांत पहिल्या टप्प्यात टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, २५ टक्क्यांनी उतरतो, तरी दुरुस्त केलं नाही तर शेवटी वेग ताशी २० किलोमीटरवर अडकतो. भरली गाडी त्या वेगाने ओढत न्यायची कल्पना करून पाहा.

स्वतःचा स्कॅनर घ्यावा का? मी घेतला, आणि समाधानी आहे. पण कारसाठी मिळणारं छोटं यंत्र इथे चालेलच असं नाही. ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची असते, इंजिन चालू असताना २८ च्या आसपास जाते, आणि १२ व्होल्टचं यंत्र त्यात जळू शकतं. शिवाय जे १९३९ वाचता आलं पाहिजे, आणि सॉकेट ९ पिनांचं गोल आहे की १६ पिनांचं हेही आधी पाहावं. नुसता कोड दाखवणारं नको, चालू आकडे दाखवणारं घ्या. माझा दोष कोडने अर्धाच सांगितला होता, उरलेला गायब होणाऱ्या आकड्याने.

एका सवयीवर मॅन्युअल जेमतेम एक ओळ खर्च करतं. चावी बंद केल्यावर पंप नळ्यांमधला युरिया टाकीत परत ओढतो, त्याला मिनीट-दोन मिनिटं लागतात. तो आवाज थांबण्याआधी बॅटरीचा मुख्य स्विच पाडला तर नळीत राहिलेलं द्रावण सुकतं, पांढरे खडे धरतात, आणि मग खरंच युरियाचा दिवा लागतो. गाडी धुताना प्रेशरचा पाइप कपलरवर धरणाऱ्यांनाही आता मी आवरतो.

हार्नेस बदलल्यापासून उखडलेले रस्ते भरपूर झाले, तो कोड आलेला नाही. मधे एकदा दुसराच दिवा लागला, एसपीएन ९७, डिझेलमध्ये पाणी. फिल्टरच्या तळाचा नळ सैल केला, आधी पाणी आलं, मग स्वच्छ डिझेल. नळ घट्ट केला, पंपाने हवा काढली, दिवा गेला. त्या दिव्याबद्दल माझी काही तक्रार नाही.