इन्व्हर्टरची बॅटरी: एकाच व्होल्टेजवर की तीन टप्प्यांत?

साधा चार्जर १२ व्होल्टच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीला पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच व्होल्टेज देतो, बहुधा १३.८ च्या आसपास. बॅटरीला त्रास नाही, पण शेवटचा हिस्सा भरता भरता तास उलटतात. रोज लोडशेडिंग असेल तर ती कधी पूर्ण भरतच नाही आणि प्लेटांवर सल्फेट धरतं. मग व्होल्टेज १४.४ ला नेऊन ठेवलं तर? भरते झटपट, पण नंतरही आत बुडबुडे येत राहतात. पाणी उडतं, झाकणावरचा इंडिकेटर लाल खुणेला टेकतो, डिस्टिल्ड वॉटरचे कॅन आणत बसा.

तीन टप्प्यांचा चार्जर नेमकं इथेच डोकं लावतो. आधी भरपूर करंट, १५० एएच (अँपिअर-तास, म्हणजे क्षमता) बॅटरीला साधारण १५ अँपिअर. व्होल्टेज १४.४ ला पोचलं की तिथेच धरून करंट आपोआप उतरू द्यायचा. तो अगदी कमी झाला की १३.५ ते १३.८ च्या फ्लोटवर, म्हणजे भरलेली बॅटरी तशीच भरलेली राखणाऱ्या कमी व्होल्टेजवर.

वीज क्वचित जाणाऱ्या घरात साधा चार्जर चालून जातो, उगाच खर्च नको. रोज जात असेल तर मात्र तीन टप्पेच. खोक्यावरच्या ‘सात स्टेज’ला भुलू नका, त्यातल्या बऱ्याचशा नुसत्या तपासण्या असतात.