सातपुड्याच्या नावाने आलेल्या टोपल्या

दिवाळी जवळ आली की जळगावात हस्तकलेची प्रदर्शने भरतात आणि त्यांत ‘सातपुड्यातील आदिवासी महिलांनी हाताने विणलेले, फेअर ट्रेड प्रमाणित’ अशा पाट्या दिसू लागतात. गेल्या वर्षी अशाच पाटीखाली बसलेल्या एका विक्रेत्याने आमच्या महिला मंडळाची फसवणूक केली. त्याची पद्धत इतकी साधी आहे की ती यंदाही कुठेतरी वापरली जाईल, म्हणून झालेला प्रकार सविस्तर लिहीत आहे.

भाऊबीजेला फराळ भरून देता येईल अशा झाकणाच्या बांबूच्या टोपल्या आम्हाला हव्या होत्या. प्लास्टिकच्या डब्यांपेक्षा त्या बऱ्याच महाग पडत असूनही सर्व जणींनी आनंदाने जादा वर्गणी काढली, कारण फेअर ट्रेडच्या वस्तूमागे विणणाऱ्या बाईला योग्य मजुरी मिळते, मुलांना कामाला जुंपले जात नाही आणि आपला पैसा कोणाकडे गेला हे विचारता येते, अशी हमी असते. विक्रेत्याने टेबलावर मांडलेला नमुना खरोखर अस्सल होता. त्याच्या कामट्या कोयत्याने काढलेल्या होत्या, त्यांची रुंदी जागोजागी किंचित बदलत होती आणि काठ बांबूच्याच पातळ पट्टीने आवळलेला होता. तो पाहून आम्ही मागणी नोंदवली आणि निम्मी रक्कम यूपीआयने दिली. बिल मागितल्यावर पत्ता नसलेले कच्चे बिल हातात पडले. पक्के बिल मालासोबत येईल, असे सांगण्यात आले.

खोकी ट्रान्सपोर्टने आली ती धनत्रयोदशीच्या तोंडावर, आणि उरलेली रक्कम भरल्याशिवाय ती सोडवता येत नव्हती. आत निघालेल्या टोपल्यांचा आकार नमुन्यासारखाच होता, परंतु प्रत्येक पट्टी यंत्रात कापल्यासारखी एकसारखी होती आणि काठ गोंदाने चिकटवून त्यावर लोखंडी पिना मारल्या होत्या. त्या दिसू नयेत म्हणून आतून कापडी अस्तर लावलेले होते. एका टोपलीचे अस्तर उसवले तेव्हा तळाशी अर्धवट खरवडलेले लेबल सापडले, ज्यावर माल परदेशातून आयात झाल्याची नोंद अजून वाचता येत होती. पक्के बिल कोणत्याही खोक्यात नव्हते आणि विक्रेत्याचा फोन तेव्हापासून बंद आहे.

प्रत्येक टोपलीत एक कार्ड होते. त्यावर चांदीच्या दागिन्यांनी मढलेल्या पावरा या आदिवासी जमातीतल्या स्त्रीचे छायाचित्र आणि खाली ‘हिच्या हातांनी विणलेले’ अशी ओळ होती. धडगाव भागात शिक्षिका असलेल्या माझ्या नणंदबाई दिवाळीला आल्या असता ते कार्ड पाहून म्हणाल्या, “वहिनी, हा फोटो होळीतला आहे. एवढे दागिने अंगावर घालून कोणी टोपली विणायला बसत नाही.” पैसे गेले त्याहून मला याचा संताप अधिक आला, आणि तो अजून उतरलेला नाही. आम्ही दिलेली जादा किंमत त्या बाईच्या मजुरीसाठी होती. तिला त्यातला एक रुपयाही मिळाला नाही, वर तिचा चेहरा मात्र विकला गेला.

कार्डावरच्या गोल चिन्हाचीही मी नंतर चौकशी केली. फेअरट्रेडचे ते प्रसिद्ध चिन्ह प्रामुख्याने केळी, कापूस, कॉफी, चहा, कोको अशा शेतमालाशी निगडित आहे. हस्तकलेच्या क्षेत्रात वर्ल्ड फेअर ट्रेड ऑर्गनायझेशन संस्थांची तपासणी करते, तिची दहा तत्त्वे आहेत आणि तिच्या सदस्यांची यादी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. आमच्या विक्रेत्याने सांगितलेले संस्थेचे नाव त्या यादीत नव्हते. हातमागाच्या कापडासाठी भारत सरकारचे हँडलूम मार्क हे चिन्ह 2006 पासून आहे. बांबूच्या वस्तूवर ते दाखवून कोणी हमी देत असेल तर तिला काही अर्थ नाही.

नमुना पाहून मागणी देणार असाल तर तो नमुना पैसे देऊन तेव्हाच ताब्यात घ्या, किंवा निदान काठाचे, तळाचे आणि आतल्या बाजूचे फोटो काढून ठेवा. गटाचे नाव, गाव आणि एका टोपलीमागे विणणारीला किती मजुरी दिली जाते हे विचारा. खरोखर फेअर ट्रेड करणाऱ्याला हे प्रश्न खटकत नाहीत, कारण त्याचा सारा व्यवहार त्यांच्यावरच उभा असतो. आमच्या विक्रेत्याने मजुरीचा प्रश्न हसून टाळला होता.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे आणि ऑनलाइन पैसे उकळले गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच कळवावे, कारण उशीर झाला की रक्कम गोठवणे कठीण होते. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. आम्ही जळगावच्या आयोगाकडे तक्रार केली असून यूपीआयची नोंद, कच्चे बिल, खरवडलेले लेबल आणि ते कार्ड सोबत जोडले आहे. रक्कम परत मिळावी आणि त्या स्त्रीचे छायाचित्र विक्रीसाठी वापरणे थांबवावे, अशा दोन्ही मागण्या त्यात आहेत.