पानगळीची पानं: चिकटवायची, ठसे घ्यायचे की मेणखडूने उमटवायची?

माघ-फाल्गुनात पिंपळ, साग, पळस, देशी बदाम यांच्याखाली पानांचा खच पडतो. मुलं ती पिशवी भरून घरी आणतात. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी त्यांचे तीन उपयोग सहज जमण्यासारखे आहेत: पानं कागदावर चिकटवून चित्र करणं, रंग लावून ठसे घेणं आणि पानावर कागद ठेवून मेणखडू घासणं. तिन्हींत गंमत आहे. पण घरी किंवा बालवाडीत एकाच प्रकाराची तयारी करायची असेल, तर निवड थोडा विचार करून करावी.

चिकटचित्र पाहताक्षणी मन जिंकतं. बदामाच्या लालबुंद पानाचा मासा होतो, आपट्याच्या जोडपानाचं फुलपाखरू, आणि पिंपळाच्या पानाचं लांब टोक उंदराची शेपटी म्हणून तयारच असतं. मुलांची कल्पना इथे सर्वांत मोकळी धावते, हे मान्यच करायला हवं.

अडचण एकच आहे, पण ती मोठी आहे. दुसऱ्या दिवशी कडा उचकटतात. पान वरून कोरडं वाटलं तरी आत ओल असते. ती उडताना पान आकसतं आणि वळतं. शिवाय आपण पान पाठीकडून चिकटवतो, आणि पाठीलाच शिरा उठलेल्या असतात. त्यामुळे गम शिरांना लागतो आणि शिरांमधला भाग कागदापासून अधांतरीच राहतो. पांढऱ्या गममधल्या पाण्याने कागद फुगतो आणि सुकताना पानाला आणखी ओढतो. मग मुलाने कौतुकाने माशावरून हात फिरवला की शेपटी चुऱ्यासारखी हातात येते.

यावर उपाय आहे. पानं एकमेकांवर न येतील अशी रद्दीच्या घड्यांत ठेवायची, वर जाड पुस्तकांचं वजन द्यायचं, पहिले तीन दिवस रोज रद्दी बदलायची. पिंपळाला आठवडा पुरतो. बदामाला दहा दिवसही लागतात. बदामाची मधली शीर इतकी जाड असते, की पाठीकडून ती ब्लेडने थोडी तासावी लागते. हे काम अर्थातच मोठ्यांचं. गम थेंबाथेंबाने न टाकता ब्रशने कडेपर्यंत पातळ पसरायचा आणि चित्र पुन्हा रात्रभर वजनाखाली ठेवायचं. इतकं केल्यावर पान बऱ्यापैकी बसतं. पण चार वर्षांच्या मुलाने आज आणलेल्या पानाचं चित्र दहा दिवसांनी करायचं, तोवर त्याचा उत्साह कुठल्या कुठे गेलेला असतो. शिवाय सगळी कुसरीची कामं मोठ्यांकडे जातात. माझ्या मते पारडं इथेच फिरतं.

अमेरिका-कॅनडात राहणाऱ्यांनी हे वाचून बिचकू नये. मेपलचं पान पातळ असतं, लवकर सुकतं आणि सपाट बसतं. तिकडच्या मुलांसाठी लिहिलेल्या चिकटचित्राच्या कृती त्या पानाला शोभतात. आपल्या वड-बदामाच्या चिवट, जाड पानांना त्या तशाच लावल्या की फसतात.

ठशांना वाट पाहावी लागत नाही. पोस्टर कलर पाणी न घालता, घट्ट दह्याइतका ठेवायचा. स्पंजच्या तुकड्याने पानाच्या पाठीवर टिपायचा. ब्रशने मुलं जास्तच लावतात, मग शिरांमधली जागा भरते आणि नुसता डाग उमटतो. पान रंगाची बाजू खाली करून कागदावर ठेवायचं, वर रद्दीचा तुकडा ठेवून तळव्याने दाबायचं, देठाला धरून सरळ वर उचलायचं. पुन्हा रंग न लावता घेतलेला दुसरा ठसा बहुधा पहिल्यापेक्षा रेखीव येतो. आंब्यासारख्या तुळतुळीत पानावर रंग थेंब धरत असेल, तर रंगात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब घालावा. सांडलवंड आणि कपडे यांची तयारी मात्र हवी, आणि वीस मुलांच्या वर्गात ती फारच वाढते.

तिसरा प्रकार सर्वांत साधा दिसतो, म्हणून मागे पडतो. मला तोच जवळचा वाटतो. पान पाठ वर करून ठेवायचं, त्यावर नेहमीचा ७० ते ७५ जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप; आकडा मोठा तितका कागद जाड) ए-४ कागद. चित्रकलेचा जाड कागद घेऊ नये, त्यातून बारीक शिरा येत नाहीत. मेणखडूचं वेष्टन काढून तो आडवा धरायचा आणि एकाच दिशेने हलके घासायचं. टोकाने घासलं तर कागद फाटतो. पान सरकून दुहेरी छाप येणं हाच इथला नेहमीचा बिघाड. देठ चिकटपट्टीने टेबलाला आणि कागदाचे वरचे दोन कोपरेही चिकटवून टाकले की तो मिटतो. शिरा हळूहळू कागदावर उगवू लागल्या की मुलांचे डोळे चमकतात, आणि तेच पान पुन्हा वेगळ्या रंगात लगेच काढता येतं.

सुरुवात पेरूच्या पानाने करावी. त्याच्या पाठीवरच्या शिरा ठसठशीत असतात. मग पळस, बदाम. सागाची जाळी सुंदर येते, पण पान कागदापेक्षा मोठं, म्हणून तुकडा कापून घ्यावा. जांभळाच्या शिरा फार बारीक, त्यामुळे छाप पुसट येते. पिवळ्या किंवा पांढऱ्या खडूने उमटवून वरून पातळ जलरंगाचा एक हात दिला, तर मेणावर रंग धरत नाही आणि शिरा उठून दिसतात. त्यासाठी मात्र कागद किंचित जाड, साधारण १०० जीएसएमचा घ्यावा.

पानं सकाळी वेचावीत. दवाने ती लवचीक असतात, दुपारी तीच कुरकुरीत होऊन मोडतात. झाडावरून तोडू नयेत. वड, पिंपळ, फणसाच्या हिरव्या पानांचा चीक कपड्यांवर डाग पाडतो. रुई आणि कण्हेर यांना मुलांनी हातच लावू नये. रुईचा चीक डोळ्यांना इजा करतो आणि कण्हेर सर्वांगाने विषारी आहे.

साडेतीन वर्षांपेक्षा लहान मूल असेल, तर मी कदाचित ठसे सुचवेन. एका हाताने कागद धरून दुसऱ्याने घासणं त्याला अवघड जातं, तळव्याने थापणं मात्र लगेच जमतं. त्याहून मोठ्यांसाठी जाडसर मेणखडूंची एक पेटी, चिकटपट्टी आणि साध्या कागदांचा गठ्ठा आणावा. चिकटचित्राची हौस असेलच, तर थोडी पानं आजच रद्दीत दाबून ठेवावीत आणि तोवर बाकीच्या पानांवर खडू चालवावेत.